सोमवारची दहा मिनिटं

मी एक जुना जनरेटर आहे. दवाखान्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. आवाज तेवढा मोठा, काळीज चिमणीएवढं.

माझ्यातून एकच जाड वायर निघते आणि भिंतीवरून वर, बाळांच्या खोलीत जाते. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली इवलीशी बाळं तिथे काचेच्या पेट्यांत ऊब घेत झोपतात. काहींना तर श्वासही यंत्रानेच द्यावा लागतो. वीज गेली की ती ऊब आणि तो श्वास माझ्यावर. मला बसवणाऱ्या मिस्त्रीकाकांनी माझ्या पाठीवर रंगाने लिहूनच ठेवलं होतं, 'फक्त बाळांसाठी'.

काका दर सोमवारी सकाळी दहाला येत. मला नुसतं धडधडवून बघणं त्यांना मान्य नव्हतं. "रिकामं कोणीही धावतं, ओझं उचलून दाखव," असं म्हणून ते खरोखरच बाळांच्या खोलीची वीज बंद करत. वर मोठ्या सिस्टर, हाताने श्वास द्यायचा रबरी फुगा धरून तयार असत. काही सेकंदांत मी सुरू व्हायचो आणि दहा मिनिटं सगळा भार एकट्याने ओढायचो.

"काका, दर सोमवारी माझ्या पोटात गोळा येतो हो!" सिस्टर खिडकीतून ओरडत.

"माझ्याही येतो. म्हणून तर सोमवारी घाबरून घ्यायचं, बाई. बाकीचे सहा दिवस झोप लागते."

एकोणीस वर्षं हे चाललं. लेकीचं लग्न सोमवारी आलं, तेव्हाही काका कोऱ्या सदऱ्यात येऊन गेले आणि बाहीवर माझ्या तेलाचा डाग घेऊन लग्नाला पोचले. घरी काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते त्यांनाच ठाऊक!

ते निवृत्त झाले त्या दिवशी दवाखान्याच्या नव्या साहेबांनी भाषण केलं. "मिस्त्रींनी या कामाला स्वतःला वाहून घेतलं!" टाळ्याच टाळ्या. काका लाजले. "कसलं वाहून घेतलंय! आठवड्यातली दहा मिनिटं दिली, आणि ती दुसऱ्या कोणाला घेऊ दिली नाहीत. एवढंच." टाळ्यांच्या गडबडीत ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

पुढच्याच सोमवारी साहेबांची मीटिंग होती. "आज आवाज नको," म्हणाले. त्याच्या पुढच्या सोमवारी पाहुणे आले. मग सोमवार येऊन जाऊ लागला आणि माझ्याकडे कोणी फिरकेना. एक दिवस माझ्या वायरला कॅन्टीनचा फ्रीज जोडला. "एकच तर आहे!" साहेब म्हणाले. मग साहेबांच्या खोलीतला एसी. सिस्टर तावातावाने खाली आल्या. "साहेब, ती लाईन बाळांची आहे!"

"अहो, बाळांचीच आहे. पण वीज जातेय कधी?"

माझी बॅटरी आतून मरत चालली होती. मला कळत होतं, सांगता येत नव्हतं. शेडमधला दिवा जरा मिणमिणला तरी मी गारठून जायचो.

आणि एका दुपारी तो दिवा विझला.

वॉचमनने बटण दाबलं. खट्ट. पुन्हा दाबलं. खट्ट. मी सगळा जोर लावला, मित्रांनो, पण अंगात जीवच नव्हता. वरून सिस्टरचा आवाज येत होता, "एक, दोन, सोड. एक, दोन, सोड." हाताने फुगा दाबून त्या एका बाळाला श्वास देत होत्या. बाकीच्या पेट्या गार पडत होत्या. त्या बाळाची आई जिन्यात उभी राहून एकच वाक्य म्हणत होती, "अहो, कोणीतरी काहीतरी करा ना!"

वॉचमन मागच्या गल्लीत राहणाऱ्या काकांना घेऊन आला. काकांच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती. त्यांनी अँब्युलन्स शेडला टेकवायला लावली, तिच्या बॅटरीची ताकद मला जोडली आणि मी खोकत खोकत उठलो. पण फ्रीज आणि एसीचं ओझं एकदम अंगावर आलं आणि मी पुन्हा बंद पडलो.

"हे कोणी लावलं?" काकांनी दोन्ही वायरी हिसकून काढल्या. "ऊठ रे बाबा, ऊठ!"

उठलो. वर दिवे लागले. सिस्टरचं 'एक, दोन' थांबलं, आणि त्या शांततेची मला जास्तच भीती वाटली. मग सिस्टर खिडकीत आल्या. "आहे, काका. आहे बाळ." काका तिथेच जमिनीवर बसले.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "यापुढे दर सोमवारी मी स्वतः येईन," ते म्हणाले. आले, खरंच आले. मला नवी बॅटरी आणली. पाच सोमवार त्यांनी काकांसारखीच वीज बंद केली, आणि त्यांच्याही कपाळावर घाम आला.

आज मंगळवार आहे. काल त्यांना मीटिंग होती.

मित्रांनो, दवाखान्याच्या मागे माझ्यासारखा कोणी दिसला, तर त्याचं कौतुक करू नका. एवढंच विचारा, "याला शेवटचं कधी चालवलं होतं?" जरा मोठ्याने विचारा. मला स्वतःहून बोलता येत नाही.