चौथी अट

वहीतून फाडलेलं एक पान म्हणजे मी. नौपाड्यात सरोजबाईंच्या फ्रिजवर चुंबकाने अडकवलेलं. शेजारचा ब्लॉकही त्यांचाच. तिथला भाडेकरू कसा असावा, ते माझ्यावर लिहिलंय. घर बघायला आलेला प्रत्येक जण मला वाचतो आणि मनातल्या मनात शिव्या घालतो. घालू देत. मलाही माझं तोंड आवडत नाही.

पहिल्या तीन अटी त्यांच्या यजमानांच्या, हरिहररावांच्या. नोकरी कायम असावी, पोलीस ठाण्यात नोंद करावी, गॅलरीत ओले कपडे निथळत ठेवू नयेत. निवृत्त माणसाचं टापटीप अक्षर. ते गेले आणि वर्षभरात सौमित्र-आसावरी शेजारी भाड्याने राहायला आले. त्यांची ऐश्वर्या इथेच रांगली, इथेच बोलायला लागली. सकाळी उठली की "आजी, आजी" करत थेट सरोजबाईंच्या ताटात.

मग त्यांनी टिटवाळ्याला स्वतःचं घर घेतलं. "दर रविवारी येऊ," म्हणाले. दोनदा आले.

तिसऱ्या रविवारी केलेला शिरा संध्याकाळपर्यंत तसाच राहिला. तेव्हा सरोजबाईंनी चौथी अट लिहिली. घरात लहान मूल नसावं. पेन इतकं दाबलं की अक्षरं माझ्या पाठीवर उमटली. लोक म्हणतात, म्हातारी खडूस आहे. खरं काय ते मला माहीत आहे, पण मला वाचा नाही.

काल एजंट कुंडलिक संचिताला आणि तिच्या लहान मुलीला घेऊन आला. संचिता इथल्याच दवाखान्यात नर्स आहे. आंबिवलीहून येते, मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवते. ते शेजारी आता कायमचे गावी चाललेत. जवळ घर मिळालं नाही तर तिला नोकरी सोडावी लागणार. तीन अटी तिने भराभर वाचल्या. चौथीपाशी थांबली.

"आजी, ती त्रास नाही देणार हो. भिंतीवर रेघोटी पण नाही ओढत."

"तसं नाही गं बाई..." सरोजबाई म्हणाल्या.

पोरीने त्यांचा पदर ओढला. "आजी, पाणी."

त्यांनी तिला पाणी दिलं, वर लाडू दिला. घर दिलं नाही.

"काकू, मुलांचा एवढा कसला राग हो तुम्हाला?" कुंडलिक जाताना म्हणाला.

दार लावून त्या माझ्यापुढे आल्या. पेन उचललं. आता खोडतील, आता खोडतील, म्हणून माझा जीव वरखाली. त्यांनी पाचवी अट लिहिली.

मालकिणीला आजी म्हणू नये.

माझ्यावर अजून पुष्कळ ओळी कोऱ्या आहेत. घर शोधणाऱ्यांनो, माझं ऐकू नका. मला फाडून टाका आणि पुन्हा एकदा बेल वाजवा.