अर्धा कौल

मसुऱ्याच्या वाटेवरच्या तळ्याकाठी भाई रोज सकाळी दुर्बीण घेऊन बसत. शाळामास्तरकीतून मोकळा झालेला माणूस, दुसरा धंदा काय! एका अंगाला उन्हाळी वायंगणी भात, त्यात बगळे. मध्ये लव्हाळी, त्यात पाणकोंबड्या. आणि पलीकडे देवीची राई. गोवा तेव्हा अजून पोर्तुगिजांकडे होता. भाईंचा मुलगा बोटीवर खलाशी. त्याची बायको सुगंधा सासऱ्याला पेज घेऊन यायची आणि तिथंच रमायची. दोन मुलं जन्मताच गेलेली, आता पुन्हा सातवा महिना. घरात तिचा जीव घुसमटायचा.

राईतल्या ककणेराचं बिऱ्हाड भाईंनीच तिला दाखवलं. ककणेर म्हणजे धनेश, शिंगाच्या चोचीचा मोठा पक्षी. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, पिसं गाळून उडेनाशी होते, पिलू वाढवते. बाहेर चोचीपुरती फट. नर दिवसभर फळं आणून भरवतो.

"आणि तो इलोच नाय तर?" सुगंधाने विचारलं.

"मग आतली उपाशी मरतली," भाई म्हणाले.

सासू काशीबाईंना पक्ष्यांचं कौतुक नव्हतं. ककणेराचं तेल कमरेला चोळलं की बाळंतपण सुखरूप होतं, एवढंच त्यांना ठाऊक. पण राईतला पक्षी म्हणजे देवीचा, कौल हवा. भाई मालवणला गेलेले पाहून त्या सुनेला घेऊन देवळात गेल्या. गुरवाने देवीच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बायेच्या सुटकेसाठी राईतलो एक पक्षी मागतत. मंजूर आसात तर उजवो दी."

एक पक्षी! ढोलीतल्या मादीचं काशीबाईंना माहीत नव्हतं. सुगंधाला होतं, आणि ती गप्प राहिली. अहो, दोनदा रिकामी ओटी घेऊन उठलेली बाई ती. तिला आपलं मूल हवं होतं, बाकी जग गेलं खड्ड्यात. उजवी कळी पडली. शेजारच्या लवूने बंदूक काढली, नर पडला आणि तेल बाटलीत आलं.

भाईंनी परत येऊन बायकोपुढे कपाळावर हात मारला. "देवीक अर्धाच सांगितलास!" ते गुरवाकडे धावले, ढोली फोडूया म्हणाले. पण राईतल्या झाडाला हत्यार लावायचं तर गावचे बारा-पाच मानकरी जमवून नवा कौल घ्यायला हवा, आणि एका मानकऱ्याच्या घरी सुतक. ते फिटेपर्यंत थांबा! भाईंनी काठीला केळं बांधून पाहिलं, काठी पोचेना.

सुगंधा रोज झाडाखाली जाई. आतून चोच आपटल्याचा आवाज येई. आधी पिलाचं ओरडणं थांबलं, मग चोचही.

मानकरी जमले, उजवा कौल मिळाला. लवूने चढून ढोली फोडली आणि सुकलेली दोन मढी खाली टाकली. पिलू आईच्या पंखाखालीच होतं.

पुढे सुगंधा बाळंत झाली. मुलगा, अगदी सुखरूप. काशीबाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. "बघ गो, तेलान तारल्यान तुका!"

"आये," सुगंधा म्हणाली, "मादी आत आसा ह्या माका ठावक होता. मी सांगूक नाय."

काशीबाईंनी हातातली तेलाची बाटली खाली ठेवली. दारात भाई उभे होते, त्यांनीही ऐकलं.

"परत कौल लावलास, तरी मी गप्पच रवतलंय," ती म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती, आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता.

पोर भुकेने रडू लागलं. तिने डोळे पुसले आणि त्याला पाजायला घेतलं.