लाटेचं बटण

'ऊब' असं लिहिलेला प्लग तिने ओढून काढला आणि चाचपडत पुढच्या वायरीचं टोक शोधू लागली. टाकीच्या मागे भिंतीला खेटून बसावं लागत होतं. गुडघे पोटाशी, एक गाल काचेला टेकलेला. काचेच्या पलीकडे, डोळ्यापासून बोटभर अंतरावर, नारिंगी पट्ट्यांचा जोकर मासा तिच्याकडे बघत थांबला होता. घरात आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसा.

"तो इतक्यात काढू नका, ताई," वहिनी समोरून म्हणाली. "आधी नव्या यंत्रात काय कुठे जातं ते बघू. हीटर बंद राहिला तर पाणी निवेल."

"एवढ्यात काही निवत नाही."

वहिनीने टाकीतल्या थर्मामीटरकडे एकदा बघून घेतलं. ते बघणंसुद्धा टाकीमागे बसलेल्या तिला टोचलं.

ज्याच्यासाठी ती रात्रभर प्रवास करून माहेरी आली होती तो डबा स्टुलावर उघडा पडला होता. स्वयंपाकघरातला साधा, पारदर्शक, घट्ट झाकणाचा डबा. आत पत्त्यांच्या जोडाएवढा, एकाच पाटीवर मावलेला संगणक, शेजारी वीज चालू-बंद करणाऱ्या निळ्या रिलेंची रांग, आणि बाजूला भोकं पाडून बाहेर काढलेल्या वायरी. असली यंत्रं बाजारात तयार मिळतात. पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर तारा जुळवलेल्या बाबांना तयार वस्तू विकत घेणं म्हणजे हार मानणं वाटायचं. आई गेल्यावर त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तीत जिवंत प्रवाळ वाढवले, आणि त्यांची राखण करायला हा डबा बनवला. पाणी तापलं की पंखा, निवलं की हीटर, वाफेने कमी झालं की थोडीथोडी भर, सकाळ-संध्याकाळ निळ्या उजेडाची चढउतार, सगळं तो डबा बघायचा. वायरींवर चिकटपट्टीचे तुकडे होते आणि त्यांवर बाबांच्या अक्षरात नावं. ऊन. वारा. ऊब. लाट.

निम्म्या पट्ट्यांवरचं अक्षर मात्र बाबांचं नव्हतं. गोल, ठसठशीत, एकही काना न डगमगणारं ते अक्षर वहिनीचं होतं.

बाबांच्या दिवसकार्याला आली तेव्हाच तिने दादाला सांगून ठेवलं होतं, "मला घरातलं काही नको. तो डबा तेवढा दे. टाकीला मी नवीन यंत्र आणून बसवून देते." दादा म्हणाला होता, "ने बाई. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." वहिनीला कोणी विचारलं नव्हतं. आणि आज दादा कामावर गेलेला, नवीन यंत्राचं खोकं कॉटवर, आणि टाकीच्या दोन बाजूंना या दोघी.

"ही जी जाड वायर आहे ना, ती लाटेची," वहिनी म्हणाली. तिचा आवाज मुळातच चढा. लग्न होऊन आली तेव्हा एवढा नव्हता, पण गेल्या काही वर्षांत तिला हळू बोलताच येत नाही असं झालं होतं. अर्थात या दिवाणखान्यात बोलायचं तर आवाज चढवावाच लागायचा. टाकीतले दोन पंप, खालच्या टाकीतला तिसरा, फेस काढणारी नळी, पंखा, या सगळ्यांची मिळून एक अखंड घरघर तिथे भरून असायची. "आधी ती इकडच्या रिलेवर होती. मग आम्ही बदलली. रिले जळला होता तेव्हा आम्ही."

आम्ही. आल्यापासून किती वेळा ऐकला तिने हा शब्द. आम्ही तेव्हा मीठ जास्त घातलं. आम्ही मग दुसरा सेन्सर मागवला. आम्ही प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून लिहिला. त्या 'आम्ही'त दादा नव्हता, हे उघडच होतं.

"हे टाके कोणी मारलेत?" पाटीवरचे सोल्डरचे चकचकीत ठिपके बघत तिने विचारलं. एकसारखे होते सगळे.

"मीच. बाबांचा हात थरथरायला लागला होता ना. ते दाखवायचे, मी टाका द्यायची." वहिनी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची, तिच्या हाताला बारीक कामाची सवय होती. "पहिल्या दिवशीच बोट भाजून घेतलं. हे बघा. बाबा असे काही रागावले, आणि स्वतःच नळाखाली धरून बसले माझा हात."

वहिनीच्या तर्जनीवर तांदळाएवढा गुळगुळीत डाग होता. टाकीमागून तिने तो नको इतका वेळ बघितला.

"मला कधी हात लावू दिला नाही त्या सोल्डर गनला," ती म्हणाली. "लांब हो, भाजेल, एवढंच."

"लहान होता तुम्ही तेव्हा."

"मोठीही झाले नंतर."

वहिनीने फडक्याने काचेवरचा एक डाग पुसला. डाग नव्हताच तिथे.

आपण एका भाजल्याच्या व्रणावर जळतो आहोत, हे तिचं तिलाही कळत होतं. ग्रंथालयाच्या नोकरीत जन्म चाललेली बाई, शेकडो कथांमधले मत्सर वाचून झालेले, आणि स्वतःच्या पोटात उठल्यावर मात्र कुठल्याही वाचनाचा उपयोग नाही. आधी तिचं वैर नुसतं टाकीशी होतं. आठवड्याला एकदा ती फोन करायची. बाबा उचलायचे, "थांब हं जरा" म्हणायचे, मग पाण्याचा मोठा घोट घेतल्यासारखा गुळगुळ आवाज, आणि मग "हां, बोल." तेवढे दोन शब्द ऐकायला ती आठवडाभर थांबायची. पण बोलणं रंगात आलं, ती काही खरं सांगायला लागली, की बाबा घाईघाईने म्हणायचे, "चल, ठेवतो. लाट आली." फोन बंद. माशांची काहीतरी वेळ झाली असणार. दोन-चार बोटभर मासे, आणि त्यांच्यापुढे पोटची पोर दुसऱ्या नंबरावर. लाट आली. या दोन शब्दांइतका राग तिने आयुष्यात फार थोड्या गोष्टींचा केला होता.

आता टाकीत एक भागीदारीण निघाली होती.

"हे कशाचं?" डबा उचलून बघताना तिचं बोट एका बटणावर आलं. डब्याच्या बाजूला, कॉटकडच्या अंगाला, एक मोठं काळं बटण. त्याच्यावर पट्टी नव्हती. एवढ्या नावं दिलेल्या पसाऱ्यात तेवढंच बिननावाचं.

"ते राहू द्या. ते नव्यात नसेल."

"खायला घालायचं का? नव्यात आहे तसं. पंप थांबतात म्हणजे खाणं वाहून जात नाही. अर्ध्या तासापर्यंत थांबवता येतात, खोक्यावर लिहिलंय."

"खायला घालायचं प्रोग्रॅममध्येच आहे. वेळ झाली की आपोआप थांबतं." वहिनी फडक्याची घडी घालू लागली. "हे वेगळं."

"मग कशाचं?"

घडीची आणखी एक घडी झाली.

पुन्हा विचारणं तिच्या मानी स्वभावात बसणारं नव्हतं. तिने बटण दाबलं.

डब्यात टकटक असे रिले पडले, एकामागून एक. पंखा आधी थांबला. मग पंप. वरच्या टाकीतलं पाणी कोपऱ्यातल्या नळीने खालच्या टाकीत उतरू लागलं, पातळी नळीच्या तोंडाशी आली, आणि नळीने हवा ओढली. लांब, खोल, गुळगुळ असा एक घोट.

ती होती तशीच बसून राहिली.

मग दिवाणखान्यात काहीच उरलं नाही. प्रवाळांचे मऊ हात डोलायचे थांबले. खालच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली, तीसुद्धा ऐकू आली. ही शांतता तिच्या ओळखीची होती. कितीतरी वर्षं बाबांच्या आवाजामागे हीच शांतता होती, आणि ते घर मुळातच शांत आहे, असं ती समजून चालली होती. माहेरी यायची तेव्हा घरघर कानावर पडायचीच. पण फोनमध्ये ती कधीच कशी नसते, हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता.

"त्यांना ऐकू येत नव्हतं," वहिनी म्हणाली. घरघर नव्हती, तरी सवयीने आधी मोठ्यानेच. मग तिचं तिलाच जाणवलं आणि आवाज उतरला. "तुमच्यासमोर ओठ बघून निभावून न्यायचे. फोनवर ओठ कुठले? त्यात पंपांचा आवाज. कानाचं मशीन घ्या म्हटलं तर म्हणायचे, आयुष्यभर कानाला लावलं तेवढं बस झालं. आणि ताईला कळता कामा नये, ही ताकीद."

"आत जाऊन बोलायचं मग."

"आत कुठे? आमच्या खोलीखाली रस्ता, सगळा हॉर्नचा गोंधळ. स्वयंपाकघरात रेंज नाही. कॉट इथेच, म्हणून बटण कॉटच्या बाजूला. तुमचा फोन वाजला की आधी समुद्र बंद, मग तुम्ही."

तिने काचेवर तळवा टेकवला. आत जोकर मासा एका जागी तरंगत होता. आता त्याला तिच्याशी काही देणंघेणं दिसत नव्हतं.

"आधी हे आपोआप चालू व्हायचं नाही," वहिनी पुढे सांगू लागली. "तुम्ही सासरचं ते घर सोडून बाहेर पडलात ना, त्या दिवशी सकाळी तुमचा खूप वेळ फोन चालला होता. त्यानंतर बाबा तसेच बसून राहिले. मी संध्याकाळी लॅबमधून आले तर दिवा नाही, काही नाही, पाणी आरशासारखं. मासे वर येऊन तोंड उघडत होते. त्या बाजूचे प्रवाळ सगळे गेले. तुमच्या दादाला आम्ही फ्यूज उडाला म्हणून सांगितलं."

त्या दिवशी फोन ठेवताना बाबांनी 'लाट आली' म्हटलं नव्हतं. फोन तिनेच ठेवला होता, रडून रडून घसा बसल्यावर. टाकीच्या डाव्या कोपऱ्यात नुसता पांढरा खडक होता. ती जागा बाबांनी पुन्हा भरली नव्हती.

"म्हणून मग मी प्रोग्रॅममध्ये वेळ घातली. बटण दाबलं की दहा मिनिटांनी लाट आपली आपण परत येते."

"दहा."

"हो."

तिची नजर कॉटवरच्या खोक्याकडे गेली. वहिनीचीही गेली. खोक्यावर काय छापलंय ते आत्ताच मोठ्याने वाचून झालं होतं.

"बाबांनी किती मिनिटं सांगितली होती?"

वहिनीने घडी घातलेलं फडकं पुन्हा उलगडलं. खिडकीतून आलेल्या उजेडात तिचा चेहरा फार थकलेला दिसत होता. आल्यापासून नीट बघितलाच नव्हता तो.

"माझ्याशी ते ओरडून बोलायचे," वहिनी म्हणाली. "मी ओरडून उत्तर द्यायची. शेजारचे म्हणायचे, सासरा-सुनेचं पटत नाही. रोज सगळं मीच बघायची. खारटपणा मोज, काच घास, औषधाच्या गोळ्या काढून दे. एकदाही ते बटण माझ्यासाठी दाबलं नाही त्यांनी. मी इथे, हातभर अंतरावर बसलेली असायची, तरी तुमचा फोन आला की मला हाताने खूण. गप्प. ताई बोलतेय."

तिच्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं. धारदार होतं, आणि त्याच्यावर तिचा हक्कही होता. किती गोष्टी अर्ध्यावर तुटल्या होत्या त्या दहा मिनिटांनी. पण ती वहिनीच्या बोटावरच्या डागाकडे बघत होती, आणि वाक्य काही बाहेर पडेना. हात मागे नेऊन तिने जमिनीवर पडलेला 'ऊब'चा प्लग शोधला आणि चाचपडत परत बसवला. डब्यातला तांबडा दिवा लागला.

वहिनीने तो दिवा बघितला. तिचे ओठ हलले. ती बरंच काही बोलणार होती असं वाटलं, खूप दिवस साठवलेलं, कदाचित दहा मिनिटांबद्दलच.

तेवढ्यात टकटक रिले उचलले गेले. पंखा फिरू लागला, पंपांनी घरघर धरली, आणि प्रवाळांचे हात पुन्हा डोलू लागले. वहिनी बोलत होती, पण टाकीमागे काही ऐकू येत नव्हतं. आवाज चढवायचं या वेळी तिला सुचलं नव्हतं, किंवा ते चढवून बोलण्यासारखं नव्हतं.

टाकीमागे बसलेल्या तिने हात वर करून तिला थांबवलं.

"थांब हं जरा," ती म्हणाली, आणि डबा जवळ ओढून काळं बटण दाबलं. पाणी खाली उतरलं. नळीने आपला लांब घोट घेतला. सगळं शांत होईपर्यंत ती थांबली.

"हां, बोल."