राजाच्या आधीचा घास

मित्रांनो, मी चांदीचा चमचा आहे असे सांगितले तर आज तुमचा विश्वास बसणार नाही. मी पार काळा पडलो आहे. एका खणात, जुनाट फडक्यात गुंडाळून मला ठेवले आहे. माझ्या शेजारी मखमलीच्या पेटीत माझा सख्खा धाकटा भाऊ झोपलेला असतो. अधूनमधून कोणी तरी खण उघडते, त्याला मऊ कापडाने पुसते आणि मला बोटाने बाजूला सारते. पाहुणा आला की पेटी बाहेर जाते, फडके आतच राहते. आता तुम्हीच सांगा, पोटात दुखेल की नाही?

आम्ही दोघे एकाच चांदीच्या लगडीतून निघालो. सोनाराने आधी मला घडवले, मग त्याला. म्हणजे थोरला मी. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे कोणीच ठेवले नाही. वजन तेच, दांडा तोच, पोटाचा खोलगटपणाही तोच. पण त्याच्यावर सोन्याचा मुलामा चढला आणि मी कोरडाच राहिलो. सोनाराच्या बायकोला माझी दया आली.

"अहो, या बिचाऱ्याने काय घोडं मारलंय? चार थेंब यालाही लावा की."

"हा राजाच्या तोंडात जायचा नाही गं," सोनार म्हणाला. "हा राजाच्या आधीचा."

राजाच्या आधीचा! मला वाटले, मग मान माझाच मोठा. नवी चांदी होती, समज यायची होती.

त्या वेळच्या राजाला स्वतःच्या भावाची भीती वाटे. भाऊ आपल्या गादीवर जळतो आणि एक दिवस ताटात विष कालवणार, असे त्याच्या मनाने घेतले होते. भावाभावांतला हेवा काय असतो, ते मला कोणी शिकवायला नको, म्हणून मी त्या राजाला हसत नाही. त्याने एक नवे पद काढले. दरबारात चिटणीस असतात, फडणीस असतात, तसा हा चाखणीस. राजाच्या प्रत्येक पदार्थातला पहिला घास याने घ्यायचा, तोही माझ्या हातून. मग वाळूचे घड्याळ उलटे करायचे. सगळी वाळू खाली उतरेपर्यंत चाखणिसांनी सगळ्यांसमोर ताठ उभे राहायचे. वाळू संपली आणि माणूस उभाच असला, की तो वाकून म्हणे, "मी आहे, महाराज." त्यानंतरच ताट राजापुढे जाई.

राजाचा तो भाऊ पुढे म्हातारा होऊन, आपल्याच पलंगावर, नातवंडांच्या गराड्यात वारला. विषबिष काही निघाले नाही. भीती गेली, पण पद राहिले. पद एकदा निघाले की ते काढणार कोण? उलट दर पिढीला त्याला एकेक दागिना जडत गेला. चाखणिसांना लाल पट्टा आला, मग रुंद किनारीचा पट्टा आला, वाळूच्या घड्याळाला चांदीची चौकट आली, उभे राहण्यासाठी खास गालिचा आला. बापामागून मुलगा, मुलामागून नातू चाखणीस झाला. मी त्यांच्या कमरेच्या पिशवीतून वाड्यावर जायचो आणि संध्याकाळी घरी यायचो.

घरी मला राखेने घासत. राखेने! तिकडे धाकट्याला गुलाबपाण्यात बुडवत. मी घरातल्या लेकरांच्या दुधात ढवळायला लागलो, तापात औषध पाजायला लागलो, एकदा तर रुसलेल्या मुलीची समजूत घालायला मला तिच्या हाती खेळायला दिलेले आठवते. तेव्हा मला या सगळ्याची लाज वाटे. मनात एकच ध्यास होता. एकदा, एकदाच राजाच्या ओठांना लागायचे. रोज माझ्या डोळ्यांदेखत धाकटा ऐटीत वर जाई आणि माझ्या तळापासून दांड्यापर्यंत आग होई.

तिसऱ्या चाखणिसांची गोष्ट सांगतो. माणूस मोठा हौशी. वाड्यावरून घरी आले की बायकोच्या स्वयंपाकाला नावे ठेवायचे.

"वाड्यावरचं सूप असं नसतं हो. त्याला एक घट्टपणा असतो."

"एकच चमचा मिळतो तुम्हाला, आणि त्यावर संसारभर मला टोमणे!" बायको म्हणे. "राजाला सांगा, उद्यापासून पोळ्यासुद्धा तिकडेच चाखून या."

हे तिसरे चाखणीस असताना तरुण राजा गादीवर आला. त्याच्याबरोबर नवे कारभारीही आले. कारभाऱ्यांना गालिचे, पट्टे, वाळू, सगळेच डोळ्यांत खुपू लागले. "या काळात विष घालतंय कोण?" ते म्हणाले. "फुकटचा मान आहे. बंद करा." राजाने मान हलवली. पद संपले.

चाखणिसांनी घरी हे सांगितले तेव्हा बायकोने मला हातात घेतले. राखेऐवजी लिंबाने घासले, पुन्हा पुन्हा घासले, चकचकीत केले. "परत द्यायचाय ना? मग आपल्या घरून काळा जायला नको," एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाखणीस मला आणि पट्ट्याला परत करायला वाड्यावर गेले. जेवणाच्या दालनाबाहेर आम्ही थांबलो. आत राजा एकटाच जेवायला बसला होता, मागे कारभारी उभे होते. मुदपाकखान्यातून, म्हणजे वाड्याच्या स्वयंपाकघरातून, सूप आले. वाळू नाही, गालिचा नाही. चुलीवरून उतरले ते थेट राजापुढे. दाराच्या फटीतून मला वाफ दिसली, आणि त्या वाफेत सोनेरी धाकटा बुडताना दिसला. जळलो हो, पुन्हा जळलो. माझी वाफसुद्धा आता त्याचीच झाली होती.

आणि राजा किंचाळला.

त्याने धाकट्याला भिरकावले, तोंड दोन्ही हातांनी दाबले आणि उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होते. कारभारी पांढरेफटक पडले. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. चाखणिसांना काढल्यापासून त्यांच्या मनात दुसरे काही नसणारच.

"विष! धरा रे, आचाऱ्याला धरा!" कारभारी ओरडले. तेवढ्यात दारात आमचे चाखणीस दिसले. "आणि याला! काल काढला म्हणून आज सूड उगवला याने!"

पहारेकऱ्यांनी चाखणिसांचे दंड धरले. आचारी तर गुडघ्यांवर बसून देवाचे नावही विसरला होता. चाखणीस शांतपणे म्हणाले, "मला चाखू द्या. दुसरं काय सांगू? माझं काम तेच आहे."

दंड सोडले गेले. चाखणिसांनी मला पिशवीतून काढले. मित्रांनो, तीन पिढ्या मी या घराण्याच्या हातात होतो. आजवर त्यांनी नुसता रिवाज पाळला होता. आज वाडग्यात खरोखर मरण असू शकत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. बायकोने घासून मला इतके लख्ख केले होते, की त्यांचा चेहरा माझ्यात दिसत होता. मग त्यांनी मला वाडग्यात बुडवले, वर घेतले, आपण घरी घालतो तशी फुंकर घातली, आणि घोट घेतला.

वाळूचे घड्याळ कोठारात गेलेले. सगळे नुसतेच उभे राहिले. आचाऱ्याचे हुंदके तेवढे ऐकू येत होते.

चाखणिसांनी अजून एक चमचा घेतला. मग आणखी एक. चौथ्याला कारभारी खेकसले, "अहो, चाखताय की जेवताय?"

चाखणीस राजापुढे वाकले. "मी आहे, महाराज. विष नाही. सूप गरम आहे, एवढंच."

"गरम?" राजा जिभेला बोट लावत म्हणाला. "सूप असं असतं?"

कोणाच्या ध्यानातच आले नव्हते, मित्रांनो! पाळण्यात होता तेव्हापासून या राजाचे दूधसुद्धा वाळू संपल्यावर त्याच्यापुढे येत होते. त्याच्या बापाचे, आजोबांचेही तसेच. तीन पिढ्या राजांनी गारढोण खाल्ले होते. जन्मात जीभ भाजली नव्हती, मग भाजणे कशाला म्हणतात हे कळणार कसे?

"फुंकून प्यायचं असतं," चाखणीस म्हणाले.

"फुंकून म्हणजे?"

चाखणिसांनी ओठांचा चंबू करून दाखवला. राजाने केला. कारभारी छताकडे पाहू लागले. "चमचा द्या," राजा म्हणाला, आणि धाकटा तर कुठे तरी मेजाखाली पडलेला. चाखणीस गडबडले, "महाराज, हा उष्टा आहे..."

राजाने मला त्यांच्या हातातून काढून घेतले. बुडवले. फुंकर घातली, पहिलीच असल्याने अर्धे सूप कारभाऱ्यांच्या अंगरख्यावर उडाले. आणि मग मी राजाच्या तोंडात गेलो.

खोटे कशाला बोलू? आत दात होते, जीभ होती. चाखणिसांच्या लेकराच्या तोंडात होते तेच सगळे. पण राजाने डोळे मिटून घेतले आणि कितीतरी वेळ ते उघडलेच नाहीत.

"लहानपणी," तो हळूच म्हणाला, "तुम्ही पहिला घास घ्यायचात ना, तेव्हा तुमच्या तोंडातून वाफ निघायची. मला वाटायचं, ही जादू फक्त यांनाच येते. फार हेवा वाटायचा हो तुमचा."

त्याच वेळी मेजाखालून धाकट्याचा आवाज आला. त्याला पोचा पडला होता आणि तो अजून कोमट होता. "दादा," तो म्हणाला, "तू रोज एवढा तापायचास? आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

त्याने मला दादा म्हटले ते त्या दिवशीच.

पद परत आले. वाळू मात्र कोठारातच राहिली. चाखणीस राजाच्या पंगतीला बसत, "गरम आहे हं" म्हणत, आणि दोघे मिळून फुंकत. इतर राजघराण्यांतले पाहुणे हसत, हसोत बापडे. घरी चाखणिसांनी बायकोच्या स्वयंपाकाला नावे ठेवणे थांबवले का? नाही. पण ताट वाढले की ते ताबडतोब येऊन बसू लागले.

पुढे राजे गेले, पदे गेली, वाड्यात कचेऱ्या आल्या. आम्ही दोघे या खणात आलो. वाटले होते, एकदा राजाच्या ओठांना लागलो की माझा हेवा विझेल. कुठला विझतोय! मखमल अजून त्यालाच आहे. पण तो पेटीतून कुरकुरतो, "दादा, तू लेकरांच्या दुधात फिरलास. मला कोणी राखसुद्धा लावली नाही रे." मग मला थोडे बरे वाटते. वाईट आहे, पण वाटते.

मित्रांनो, चांदी वापराने झिजते, पण काळी पडते ती पडून राहिल्यावर. तुमच्या घरातही एखादा खण असेल, ज्यातल्या वस्तू फक्त पाहुण्यांसाठी आहेत, आणि ज्याच्या तळाशी फडक्यात काही तरी गुंडाळलेले आहे. उघडा तो. थोडी राख, थोडे लिंबू, आणि एक वाटी काहीतरी गरम. मुलामा असलेला आधी हाताला लागेल. त्याला घ्या हवे तर, पण फडकेही उलगडा.

आत कोणी आहे का, असे विचाराल तर उत्तर मला पाठ आहे.

मी आहे, महाराज.