संत्र्याची मोची

शेजारच्या प्रेमलताबाईंनी सकाळीच कंपाउंडवरून सांगून ठेवलं होतं, "जपानी मिठाई म्हणजे अंडं आलंच. इतकं पांढरं, इतकं चिकट, दुसरं काय असंल?" तेव्हापासून सिंधूताईंचं जपात चित्त लागेना. बारा वर्षांत त्यांची एक एकादशी मोडली नव्हती, आणि ज्या ओट्यावर त्यांची भगर शिजायची, त्याच ओट्यावर सून रामदासपेठेतल्या कॅफेसाठी मोची नावाच्या त्या जपानी मिठाईची ऑर्डर तयार करत होती.

शेवटी माळ घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारातच स्टूल ओढून बसल्या.

"मुग्धा, काय टाकून राहिली वं त्यात?"

"पीठ, साखर, पाणी. पाहा न, आई."

"पाहूनच राहिली मी."

मुग्धाने पातळ कालवलेलं पीठ वाफवलं आणि ओल्या उलथन्याने घोटायला घेतलं. घोटता घोटता त्याला काचेसारखी झाक आली. ताणलं तरी तुटेना.

"हे असं रबरावानी काहून होते?"

"पीठच तसं आहे. चिकट तांदळाचं."

"हं," म्हणत सिंधूताई उठल्या आणि डस्टबिनचं झाकण उघडून पाहिलं. नुसती संत्र्याची सालं. फ्रीजचं दारही त्यांनी पाण्याच्या निमित्ताने उघडून पाहिलं. मुग्धाला कळत होतं; ती घोटतच राहिली.

तिने सोललेल्या लहानशा संत्र्याचे दोरे काढले, त्याला पांढऱ्या चवळीच्या गोड पुरणाचा पातळ लेप दिला. हाताला कॉर्नफ्लोर लावून गरम पिठाची पारी थापली, संत्रं आत बसवून तोंड चिमटून मिटवलं. मग शिवणाचा कोरा दोरा भोवती फिरवून ओढला. दोन भाग झाले. आत संत्र्याच्या फोडी चक्रासारख्या उमटल्या होत्या.

अंडं कुठंच नव्हतं. सिंधूताईंना मनातल्या मनात ओशाळल्यासारखं झालं. ते झाकायला त्यांनी अर्धा तुकडा उचलला.

"पाहू तरी, कशी लागते."

तुकडा ओठाशी गेला, तोच मुग्धाने त्यांचं मनगट धरलं.

"आई, तांदूळ आहे. एकादशी न आज तुमची?"

सिंधूताईंनी तुकडा ताटात ठेवला. हात धुतले. बराच वेळ टॉवेललाच पुसत राहिल्या.

"सांगितलं होतं मी, तांदळाचं म्हणून."

"ऐकलं वं मी. माह्या डोक्यात अंडंच होतं."

"तपास एकट्या अंड्याचाच होता," मुग्धा म्हणाली, आणि संत्र्याची एक फोड त्यांच्या हातावर ठेवली. "हे चालते."

सिंधूताईंनी ती देवाला दाखवून तोंडात टाकली.

"एक ठेवून देजो उद्याच्या पारण्याले," त्या हळूच म्हणाल्या. "अन् प्रेमलताले बोलावजो. तिच्यासमोर खाईन."