दहापैकी किती?

मी फिजिओथेरपिस्ट. माझ्या व्यायामवर्गात रडगाणं चालत नाही. कण्याची गादी सरकलेली माणसं मी तीन महिन्यांत कामावर धाडते, असा माझा लौकिक होता. त्याचा मला माजही होता, हे सांगूनच टाकते.

थोर्किल छपरं शाकारायचा. आमच्या डेन्मार्कच्या पश्चिम जटलंडमधल्या बोरूच्या, म्हणजे पाणगवताच्या, छपरांवर त्याची हयात गेली. धंदा भावाच्या नावावर होता. कंबरेतली गादी सरकल्यावर भावानं त्याला बजावलं, "मेमध्ये शिडी चढलास तर काम तुझं. नाहीतर मी दुसरा बघतो."

मी रोज विचारायची, "दहापैकी किती दुखतंय?"

"दोन."

आमच्याकडे घराला आग लागली तरी माणूस "जरा ऊब आलीय" म्हणतो. दोन म्हणजे आठ धरायचे, हे मला कळत होतं, मी इथलीच. पण कागदावर दोन छान दिसायचे.

पालथं पडून हातांवर छाती उचलताना त्याला दरदरून घाम फुटायचा.

"उचल की! माझी म्हातारी आई तुझ्यापेक्षा वर जाते!"

वर्ग खदखदून हसला. तोही हसला.

सातव्या आठवड्यात त्याच्या डाव्या बुटाचं टोक झिजलेलं दिसलं.

"पाय ओढत चालतोस होय रे? नवे बूट घे, कंजूष!"

"घेतो."

पाऊल लुळं पडत चालल्याची ती खूण होती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ती कळली असती. मी मात्र वजनं वाढवली आणि मेमध्ये 'कामास योग्य' लिहून सही ठोकली.

पहिल्याच दिवशी, छपराच्या उंचीवर, डावं पाऊल शिडीच्या पायरीवर टेकलंच नाही. तो खाली आदळला. कंबरेखालचं सगळं गेलं.

सप्टेंबरात त्याच्या बायकोनं चाकाची खुर्ची ढकलत त्याला आणलं, शेवटचा कागद भरायला.

"दहापैकी किती?" सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं.

"शून्य," थोर्किल म्हणाला. "लिही, बोडिल. तुझ्या वर्गात पहिलाच असेन."

मी म्हणाले, "अरे, इतकं दुखत होतं तर मला सांगायचं होतंस."

त्यानं माझ्याकडे खरोखरच नवलानं पाहिलं.

"सांगितलं होतं की. रोज दोन म्हणत होतो. माझ्या बापानं मरतानासुद्धा एक म्हटलं असतं."

मी कागदावर शून्य लिहिलं.