जोडव्यांच्या डबीतला मेंडाक

मी मेंडाक बोलतोय. नाव ऐकून हसू नका. जावा बेटावर नागमोडी पात्याचा खंजीर करतात, त्याला केरिस म्हणतात. त्याच्या मुठीखाली बसणारं चांदीचं कडं म्हणजे मी. कडेने बारीक रवे, मधे भोक. त्या भोकातून पात्याची दांडी मुठीत शिरते. मी नसलो की मूठ डुगडुगते.

मला घडवणाऱ्या सोनाराचा चेहरा आता आठवत नाही. सुत्रिस्नो नावाच्या जावाच्या माणसाबरोबर मी जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमला आलो. तिथल्या मोटारीच्या कारखान्यात शशिधर त्यांच्या शेजारी काम करायचे. दोघांचं भलतंच सूत जमलं. सुत्रिस्नोंनी आजारपणात केरिस शशिधरांच्या हाती दिला. म्हणाले, "माझी रातिह मोठी झाली की तिला दे. पण अख्खा दे."

शशिधरांनी तो शब्द जिवापाड जपला. दर खंडेनवमीला पाने, ड्रिल, स्क्रूड्रायव्हर यांच्या पंगतीत केरिसही पाटावर बसायचा. त्यांच्या पत्नी नीलिमाताई चिंच घेऊन माझ्यावर चाल करून आल्या की ते ओरडायचे, "अगं, तो देवघरातला तांब्या नाही! त्याचा काळेपणा राहू दे."

"अहो, पूजेला काळं कसं मांडायचं?"

हा वाद दरवर्षी व्हायचा. मला त्याची फार मजा वाटायची.

गेल्या हिवाळ्यात रातिहचा फोन आला, ती केरिस न्यायला येणार होती. शशिधरांनी तो बांधायला काढला. मूठ सोडवली, मला पुसून पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं. पातं आणि मूठ पेटीत गेली. माझी पाळी यायच्या आत ते छाती धरून खाली बसले, आणि इस्पितळातून घरी आलेच नाहीत.

त्यानंतर एका दुपारी नीलिमाताईंनी पायातली जोडवी काढली. कुणी सांगितलं नव्हतं. लेक अनन्या तर म्हणत होती, "ममा, दास मुस्ट डू निष्ट." कशाला काढतेस, असं तिचं म्हणणं. नीलिमाताईंना डोळ्यांतल्या पाण्याने काही दिसत नव्हतं. जोडवी त्याच टेबलावर ठेवली, मग सगळी चांदी एका मुठीत उचलून डबीत टाकली. त्या मुठीत मीही होतो.

रातिह आली. वडिलांनी तिला सगळं शिकवलेलं होतं. मूठ बसवताक्षणी ती थांबली आणि जर्मनमध्ये विचारलं, "मेंडाक कुठाय? चांदीचं छोटं कडं?"

मग शोधाशोध झाली. खण, सोफा, व्हॅक्यूमची पिशवीसुद्धा. अनन्याने कपाटातून माझी डबी काढली. "उंड हिअर?" इथे पाहू का?

"नको गं," नीलिमाताईंनी तिचा हात धरला. "त्यात माझी जोडवी आहेत. तेवढी डबी उघडू नकोस."

डबी परत कपाटात गेली. मला ओरडता आलं नाही.

"असू द्या," म्हणून रातिह अर्धवट केरिस घेऊन निघाली. कडं विकलं असेल असं तिला वाटलं का, कोण जाणे. तिला तसंच वाटलं, अशी नीलिमाताईंची मात्र खात्री झाली. दार लावून त्या शशिधरांच्या फोटोपुढे बसल्या. "अहो, तुमचा शब्द माझ्या हातून मोडला हो."

तेव्हापासून मी इथेच आहे, अंधारात. नीलिमाताई, शब्द मोडलेला नाही. तो तुमच्या जोडव्यांना खेटून पडलाय. रडू आलं तर येऊ दे, पण एकदा झाकण उघडा.